तेहतीस तासांचा दिवस

मंगळवारच्या टपालाने दोन पत्रं आली आणि तिने ती दोन्ही साखरेच्या डब्याखाली अशी ठेवली, की एकाची कड दुसऱ्याला लागावी. जणू सोयरीक जुळत होती.

पहिलं पत्र मोठ्या वाचनालयाचं. बांधणीच्या खोलीतली जागा पहिल्या तारखेला रिकामी होते आहे, तुम्ही परत येता का, पुढच्या मंगळवारपर्यंत कळवावे. दुसरं पत्र दिवसघराचं. दिवसघर म्हणजे सरकारने थकल्या माणसांसाठी काढलेली जागा. सकाळी सोडायचं, संध्याकाळी घेऊन यायचं. तिथे सासूबाईंचा नंबर चौदा महिन्यांनी लागला होता, तोही पहिल्या तारखेपासून.

सहा वर्षांपूर्वी ती पुस्तकं बांधायची. कणा मोडलेली, पानं सुटलेली, उंदरांनी चाखलेली पुस्तकं तिच्या टेबलावर यायची आणि ताठ मानेने परत जायची. मग सासूबाईंचं विसरणं वाढलं, आणि तिने दाभण, मेणाचा दोरा आणि हाडाची पट्टी एका बिस्किटांच्या डब्यात घालून डबा कपाटावर ठेवला. अधूनमधून ती स्टुलावर चढून डब्यावरची धूळ पुसायची. डबा उघडायची नाही. नुसती पुसायची.

संध्याकाळी नवरा आला. तो सरकारचा अर्थसल्लागार. देश किती कमावतो, किती खातो, कुठे गळतो, हे तो आकड्यांत सांगायचा. घरात साखर संपली की नाही, हे मात्र त्याला चहा प्यायल्यावर कळायचं. त्याने पत्रं वाचली, पहिलं वाचताना हसला आणि दुसरं वाचताना हसू तिथेच टाकून दिलं.

"काय झालं? चेहरा का असा बजेटसारखा झाला?"

"काही नाही. जरा गोपनीय आहे."

"अहो सल्लागार, तुमची गोपनीय फाइल रोज माझ्या इस्त्रीच्या कपड्यांवर पडलेली असते. मीच ती उचलून ठेवते. वाचत नाही, हा माझा चांगुलपणा. आता बोला."

तो बोलला. सोमवारी सचिवांपुढे एक टिपण जाणार होतं. खर्च कमी करायचा होता, आणि त्यात दिवसघरं बंद करावीत अशी शिफारस होती. शिफारस त्याची स्वतःची होती.

तिने गॅस बारीक केला. "का बंद?"

"पाहणीत निघालंय. बायकांकडे दिवसाला सरासरी पाच तास दहा मिनिटं मोकळा वेळ आहे. मग घरच्या माणसांची काळजी घरातच घेता येते. मोकळा वेळ ही देशाची न वापरलेली संपत्ती आहे, असं मी लिहिलंय. म्हणजे... तशी भाषा लागते."

"पाच तास दहा मिनिटं," ती म्हणाली. मग तिने डाळीचा डबा उघडून आत पाहिलं. फडताळामागे हात घातला. खाली वाकून ओट्याखाली डोकावली. "इथे तर नाहीत बाई. तुम्ही उचलून कुठे ठेवलेत का? वरची दहा मिनिटं सापडली तरी चालतील."

"सरासरी असते ती. तुझी एकटीची नाही."

"माझं काय निघालं? मीही भरली होती ना डायरी."

आता तो चहाच्या कपात पाहू लागला. पाहणी सुरू करण्याआधी खात्याने ती डायरी आपल्याच कर्मचाऱ्यांच्या घरी भरून पाहिली होती. दर अर्ध्या तासाला एक चौकोन, त्यात काय केलं ते लिहायचं. हिने एकेका चौकोनात दोन, कधी तीन कामं लिहिली आणि प्रत्येकापुढे अर्धा अर्धा तास मांडला. सासूबाईंना भरवणं, भाजी निवडणं, फोनवर गॅसवाल्याशी भांडणं. खाली बेरीज आली तेहतीस तास. खात्यात ती डायरी टेबलाटेबलावर फिरली आणि सगळ्यांची छान करमणूक झाली. मग सल्लागाराने गंभीर होऊन नियम क्रमांक चौदा लिहिला : बेरीज चोवीस तासांपेक्षा जास्त भरल्यास डायरी बाद समजावी.

"बाद?" ती म्हणाली.

"दिवसाला तास चोवीस असतात गं."

"ते तुमच्या ऑफिसात." तिने कप उचलला. त्याचा चहा अजून अर्धा होता. "आणि अशा किती बाद झाल्या?"

"चार हजारांत सतराशे."

"कुणाच्या?"

उत्तर त्याला माहीत होतं. ज्यांच्या घरात लहान मूल किंवा थकलेलं माणूस होतं, त्यांच्याच. उरल्या त्या एकट्यादुकट्या, नाहीतर ज्यांनी मुकाट्याने एका चौकोनात एकच काम लिहिलं त्या. पाच तास दहा मिनिटं त्यांची होती.

ती भांडली नाही. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "शनिवारी तुम्हाला सुट्टी आहे. घड्याळ घ्या, कागद घ्या आणि माझ्या मागे फिरा. माझं चुकलं असेल तर मी वाचनालयाला नाही म्हणून कळवते. तुमचं चुकलं असेल तर तुम्ही काय कळवायचं ते तुम्ही ठरवा."

*

शनिवारी सल्लागार सकाळी सातला पुठ्ठ्यावर कागद लावून तयार होता. गळ्यात शर्यतीचं घड्याळ. सासूबाई पलंगावर बसून त्याच्याकडे टक लावून पाहत होत्या.

"हे कोण?" त्यांनी सुनेला विचारलं.

"तुमचा मुलगा, आई."

"मग गळ्यात काय अडकवलंय? हरवतो की काय?"

सासूबाई तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. समोर भोकांचा फळा, त्यात वायरी खुपसून या गावाला त्या गावाशी जोडायचं. पस्तीस वर्षं त्यांनी हे केलं, आणि आता सगळं विसरून झाल्यावर तेवढंच उरलं होतं. कुणी काही विचारलं की त्या मान तिरकी करून म्हणायच्या, "लाइन बिझी आहे, होल्ड करा." औषध घ्या म्हटलं तरी होल्ड. उठा म्हटलं तरी होल्ड.

दिवस सुरू झाला. सून सासूबाईंची वेणी घालत होती आणि पायाखालच्या फडक्याने पलंगाजवळची फरशी पुसत होती. सल्लागाराने लिहिलं : वेणी. मग खोडून लिहिलं : फरशी. मग पेन तोंडात धरून उभा राहिला.

"मुख्य काम कोणतं समजायचं?"

"थांबा हं, वेणीला विचारते." तिने रबर दातांत धरलं होतं. "सरका जरा, तुम्ही उभे आहात तिथलं पुसायचंय."

दहाला ती कपडे वाळत घालत होती, खिडकीतून शेजारणीला पाणी येणार नसल्याचं सांगत होती आणि एक कान आतल्या खोलीकडे लावून होती. "कान लावणं हे काम धरायचं का?" त्याने विचारलं. तेवढ्यात आत काहीतरी पडलं. ती ओला टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकून धावली. सासूबाई स्टूल ओढून दाराची कडी काढत होत्या, ड्युटीची वेळ झाली म्हणून. ती दोघींना घेऊन परत आली, म्हणजे सासूबाई आणि स्टूल. "आता सांगा," ती म्हणाली, "कान लावला नसता तर?"

त्याने कान लिहिला. पण कंसात प्रश्नचिन्ह टाकलं. माणूस सरकारी होता.

दुपारी ती भांडी घासायला गेली तेव्हा तो आईशेजारी बसला. आई खिडकीतून येणाऱ्या उन्हात बोटं हलवत होती, अदृश्य फळ्यावर वायरी लावत. ओठांत काहीतरी गुणगुणत होती. एक्स्चेंजातल्या बायकांनीच कधीकाळी जुळवलेलं असावं :

डाव्या हाती गं वायर, उजवा हात खटक्याला,
दोन गावं गं बोलती, दम माझ्या गं गळ्याला.

मग ती एकदम थांबली आणि त्याच्या गळ्यातल्या घड्याळाला बोट लावलं. "आमच्याकडे पण एक घड्याळवाला आला होता."

"कधी?"

"वरून पाठवला होता. मुली जास्त झाल्यात म्हणे, कमी करा. माझ्यामागे उभा राहिला. एक मुलगी एका वेळी एक फोन जोडते, बाकी अकरा लाइनींवर रिकामी बसते, असं त्याने लिहिलं. एकच मोजायचा ना तो. ज्यावर बोलतेय तोच. बाकीच्या अकरा मी धरून बसलेय, ते त्याला दिसेना."

"मग गं?"

"मग काय? आमच्या मोठ्या बाईंनी त्याला हेडफोन लावून माझ्या खुर्चीवर बसवला." आई हसली. दात नसलेलं, पोरीसारखं हसू. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत रडला बिचारा. कुणाचा दवाखाना कुणाच्या मासळीवाल्याला जोडलान. त्यानंतर पुन्हा घड्याळ नाही दिसलं."

सल्लागाराने गळ्यातलं घड्याळ काढून खिशात ठेवलं. आईने ते पाहिलं नाही, ती पुन्हा कामाला लागली होती.

स्वयंपाकघरात जाऊन तो म्हणाला, "उद्या तू वाचनालयात जाऊन ये. रविवारी उघडं असतं. बांधणीची खोली बघ, तिथल्या लोकांशी बोल. मी आहे घरी."

"तुम्ही?"

"मी. डायरी घेऊन."

तिने नळ बंद केला. त्याच्याकडे असं पाहिलं, जसं एखादं पुस्तक हातात आल्यावर ती आधी त्याचा कणा पाहायची. टिकेल का, हे चाचपत.

*

रविवारी नऊला ती गेली. जाताना स्टुलावर चढली, बिस्किटांचा डबा काढला आणि या वेळी उघडला. दोरा पिवळा पडला होता, पण मेण अजून चिकट होतं.

साडेनऊच्या चौकोनात सल्लागाराने सुवाच्य अक्षरात लिहिलं : आईला नाश्ता. दहाच्या चौकोनात : आईला नाश्ता. साडेदहाच्या चौकोनात : आईला तोच नाश्ता, कपडे मशीनला, फाइलची चार पानं. लिहून झाल्यावर त्याने ते पुन्हा वाचलं. एका चौकोनात तीन कामं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नव्हतं. पुढे अर्धा, अर्धा, अर्धा असं मांडलं.

अकराला आई दारापाशी. बाराला दूध उतू, आई दारापाशी, दाराची कडी वरून दोरीने बांधणं. एकला भात, भात लागला, लागलेला भात खरवडणं, आईला "नको" म्हणू न देणं. दोनच्या सुमाराला आई रडायला लागली. तिला ड्युटीवर जायचं होतं आणि हा कोण परका माणूस वाट अडवून उभा होता?

त्याने समजावलं, तारीख सांगितली, निवृत्तीचं वर्ष सांगितलं. आकडे त्याला चांगले यायचे. आई आणखी रडली.

मग त्याला काय सुचलं कुणास ठाऊक, तो पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसला, मूठ कानाला लावली आणि म्हणाला, "हॅलो, एक्स्चेंज?"

आईचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले. पाठ सरळ झाली. "एक्स्चेंज. कोण हवंय?"

"मला वाचनालय जोडून द्या."

तिने हवेतली वायर उचलली, हवेतल्या भोकात लावली, कान देऊन ऐकलं. "कुणाशी बोलायचंय?"

"माझ्या बायकोशी."

"ती कामावर आहे," आई म्हणाली. "निरोप असेल तर सांगा."

त्याची मूठ कानालाच राहिली.

"किती वेळ लागेल तिला?"

"कामाला लागतो तेवढा. होल्ड करता का?"

"करतो."

तो होल्डवर बसला. आईने त्याच्यानंतर आणखी कितीतरी लोकांना जोडलं, आणि तो एकेकाचा आवाज काढत राहिला. डॉक्टर, स्टेशनमास्तर, मासळीवाला. मधल्या मधल्या वेळात तो कपडे घडी करत होता, सोमवारच्या टिपणातले परिच्छेद वाचत होता आणि एक कान दाराकडे होता. आज त्याने कानापुढे प्रश्नचिन्ह टाकलं नाही.

पाचला ती आली. हाताला खळीचा वास. दाराला आतून बांधलेली दोरी सोडवायला त्याला दोन मिनिटं लागली.

"कसं होतं?" त्याने विचारलं.

"हात विसरले नव्हते." एवढंच म्हणाली, आणि तोंड फिरवून चपला काढत बसली. चपला काढायला एवढा वेळ लागत नाही.

रात्री झोपेचे चौकोनही भरून झाल्यावर तिने टेबलावरची डायरी ओढून खालची बेरीज पाहिली. "साडेएकोणतीस! अहो, दिवसाला तास चोवीस असतात."

"माहितीय."

"मग ही बाद."

"हो," सल्लागार म्हणाला. "माझ्याच नियमाने."

*

सोमवारी तो कचेरीत वेळेआधी पोचला. त्याच्या खोलीबाहेरच्या टेबलावर आकडे तपासणारी एक बाई बसायची. सगळे तिला बेरीजताई म्हणत. तिच्या पायांखाली एक खोका होता.

"ताई, त्या बाद डायऱ्या कुठे असतील?"

तिने पाय उचलले. "याच. चार महिने यांच्यावर पाय ठेवून बसलेय साहेब. म्हटलं, कधीतरी कुणीतरी विचारेल."

"आज बेरीज होईल का? दुपारी बैठक आहे."

"झालीय." तिने खणातून दोन कागद काढले. "एका चौकोनात दोन कामं असतील तर दोन रकाने धरायचे, दिवस चोवीसचाच राहतो. सोपं आहे. या सतराशेजणींकडे पाच तास दहा मिनिटं नाहीत, पंचेचाळीस मिनिटं निघतात. त्यात अंघोळ धरलीय."

"हे कधी केलंत?"

"लेकीचा अभ्यास घेता घेता."

खिशातून पेन काढून त्याने शिफारशीचा परिच्छेद खोडला. "न वापरलेली संपत्ती" हे शब्द खोडताना पेन जरा जोरात चाललं, पान फाटलं.

सचिव कोरडे गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि चष्मा कपाळावर चढवला. "सल्लागार, गेल्या सोमवारी तुम्ही म्हणालात बंद करा. आज म्हणता नको. मधे काय झालं?"

"रविवार झाला, साहेब."

"मी वर जाऊन काय सांगू? की या देशात दिवस तेहतीस तासांचा असतो?"

"अर्ध्या देशात."

"चेष्टा नको. दिवसघरं बंद केली तर खर्च वाचतो की नाही, एवढंच सांगा."

"वाचत नाही. घर बदलतो. आपल्या कागदावरून उठून कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन बसतो, आणि तिथे आपण मोजत नाही म्हणून आपल्याला वाचल्यासारखा वाटतो. दिवसघरात एक माणूस दहाजणांना सांभाळतो. बंद केलं तर दहा माणसं कामावरून उठून घरी बसतात. त्यातली एकजण..." तो थांबला. हे सांगायलाच हवं होतं. "त्यातली एक माझी बायको आहे. तिला परत कामावर जायचंय. हेही लिहून घ्या साहेब, म्हणजे उद्या कुणी माझ्यावर ठपका ठेवायला नको. आणि हवं तर दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. पण बाद डायऱ्यांसकट."

सचिवांनी तिसरा कागद उचलला. त्यावर भाताचा डाग होता. "ही कुणाची? साडेएकोणतीस?"

"माझी."

सचिवांनी ती पूर्ण वाचली. 'मासळीवाला होणं, अर्धा तास' या ओळीवर ते बराच वेळ थांबले, पण विचारलं नाही. मग चष्मा खाली आणला आणि टिपणाच्या कोपऱ्यात हिरव्या शाईने लिहिलं : त्रयस्थ अधिकाऱ्याकडून फेरगणना करावी. वगळलेल्या डायऱ्या नीट बांधून जतन कराव्यात. तोपर्यंत जैसे थे.

विजय म्हणावा असं यात काही नव्हतं. पण त्या खात्यात फेरगणनेला दोन वर्षं तरी लागतात, हे शिपायापासून सचिवापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदा सल्लागाराला आपल्या खात्याच्या संथपणाचा अभिमान वाटला.

संध्याकाळी त्याने घरी फोन केला. "उद्या मंगळवार. वाचनालयाला कळव."

"काय कळवू?" तिने मुद्दाम विचारलं.

"येते म्हणून कळव, बाई."

*

पहिल्या तारखेला आईला दिवसघरात सोडायचं काम सल्लागाराकडे आलं. सोडायचं, आणायचं, रविवारी एक्स्चेंज चालवायचं. दिवसघरातल्या बायकांनी आईला खिडकीजवळची खुर्ची दिली. पहिल्याच तासात तिने तिथल्या आठजणांना आठ गावांशी जोडून टाकलं.

बांधणीच्या खोलीत उत्तरेचा उजेड येतो, सौम्य, पानांना न जाळणारा. तिच्या टेबलावर पहिलंच काम म्हणून एक खोका येऊन पडला होता, सरकारी शिक्क्याचा. तिने झाकण काढलं. सतराशे डायऱ्या. सगळ्यात वर एक जुनी, खात्याने स्वतःच्या घरांत भरून घेतलेली. अक्षर तिचंच. कोपऱ्यात तांबड्या शाईत 'बाद'.

तिने ती डायरी बाजूला ठेवली नाही, वरही ठेवली नाही. बाकीच्यांच्या मधोमध सरकवली, गठ्ठा चारी बाजूंनी ठोकून सरळ केला आणि दोरा मेणावरून ओढला. दाभणाने पहिलं भोक पाडलं, तेवढ्यात फोन वाजला.

"मी बोलतोय," सल्लागार म्हणाला. "दिवसघरात आईचा निळा स्वेटर मागवलाय, घरात कुठे असतो तो? आणि ती दुपारची गोळी जेवणाआधी की नंतर? आणि ऐक ना, तिकडे कसं—"

तिने फोन टेबलावर उताणा ठेवला, सुई उचलली आणि जरा मान तिरकी करून म्हणाली, "लाइन बिझी आहे. होल्ड करा."

दोरा कागदातून सरसरत गेला. पलीकडे सल्लागाराला तो आवाज ऐकू येत होता. त्याने फोन कानाला धरून ठेवला, आणि दुसऱ्या हाताने स्वेटर शोधायला कपाट उघडलं.